८९ आणि ९० मधले अंतर

शिक्षक पात्रता परीक्षेत खुल्या गटातला उमेदवार १५० पैकी ९० गुणांना पात्र, ८९ ला अपात्र. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर सेवेतल्या अनेक गुरुजींची नोकरीही या रेषेवर टांगली आहे. पण तोच उमेदवार दुसऱ्या प्रश्नसंचाला बसला, तर निकाल तोच लागेल? पाच-सहा गुण तर निव्वळ प्रश्न बदलल्यानेही हलू शकतात. दोन प्रश्नसंचांवरच्या पात्र-अपात्र निर्णयांतला मेळ मोजता येतो. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ हा निर्देशांक योगायोगाने जुळलेल्या निकालांचा वाटा वजा करतो. लिव्हिंग्स्टन-लुईस यांच्या १९९५ च्या पद्धतीला तर एकाच परीक्षेचे गुण पुरतात. तेव्हा खर्चाची सबब नको. परीक्षा परिषदेने निकालाच्या टक्केवारीशेजारी हाही आकडा छापावा.