मुळशीचा मतदारसंघ गेला, पण आमचा होता कधी?

2009 ला पौडच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर एकच रड चालू होती. मुळशीला आता आमदार नाही! शिवसेनेचे शरद ढमाले 2004 ला निवडून आले, ते मुळशी मतदारसंघाचे शेवटचे आमदार. 2008 च्या फेररचनेत मतदारसंघ मोडला आणि तालुका भोर-वेल्ह्याला जोडला. 2009 ला 13 ऑक्टोबरला मतदान झालं, काँग्रेसचे संग्राम थोपटे आले. भोरचा माणूस आला म्हणून इथल्या पुढाऱ्यांना झोप नव्हती.

साथींनो, आपण कशाला रडायचं? मतदारसंघ मुळशीचा होता तेव्हा तरी वाडीची जागा आपल्या नावावर झाली का? घर आपलं, घराखालची जमीन मालकाची. तेव्हाही हेच, आत्ताही हेच.

निकालाचा कागद बघा. त्यात बूथ दिसतं, वाडी दिसत नाही. आपली वीस-तीस मतं गावाच्या मतात मिसळून जातात. म्हणून मताच्या आदल्या रात्री वाडीत गाडी येते, नंतर पाच वर्षं येत नाही. आणि 2009 च्या एप्रिलात लोकसभेला तर निम्मी वाडी भट्टीवर होती. उचल घेतलेला माणूस मतासाठी गावी कसा येणार?

राखीव जागा आहेत ना, असं कोणी म्हणेल. राज्यात 288 पैकी 25 आदिवासींना राखीव, पुणे जिल्ह्यात एक पण नाही. कायदा म्हणतो, जिथं आदिवासींचं प्रमाण जास्त तिथं राखीव. आम्ही कातकरी प्रत्येक गावाच्या कडेला दहा-वीस घरं. आमचं प्रमाण कुठं जास्त भरणार?

पण त्याच 2008 च्या 1 जानेवारीला वनहक्क कायद्याचे नियम लागू झाले. त्याची रड किंवा आनंद कोणी केला नाही! 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीचा दावा ग्रामसभेपुढे ठेवायचा. 2012 पर्यंत वनहक्क समितीत एक तृतीयांश तरी आदिवासी असावे लागत. ग्रामसभेला 2012 पर्यंत दोन तृतीयांश कोरम लागायचा, आणि कोरमवरच गाव आपल्याला अडवतं. आपल्या दाव्याचं त्यांना काय? ते येत नाहीत, सभा तहकूब.

दिवाळी झाली की मुकादमाची गाडी कधी पण येते. त्याच्या आत प्रत्येक वाडीने दावा लिहून समितीकडे द्यावा, पोच घेतल्याशिवाय हलू नये. बाया-माणसं सगळी सभेला बसा. आमदार पौडला येतील, तेव्हा हार घालायच्या आधी विचारा, कोरम भरायला तुम्ही गावाला सांगणार का नाही?