सही करण्यापूर्वीं वाचा

परदेशांतून माल मागविणाऱ्या आमच्या व्यापारीवर्गांत एक समजूत फार दिवस घर करून बसली आहे. ती ही कीं, कस्टमचें प्रकरण म्हणजे दलालाचें काम, आपण फक्त पैसे भरावे व दाखविलेल्या जागीं सही करावी. ही समजूत पूर्वींही तोट्याचीच होती. आतां ती घातक झाली आहे.

२०११ सालापर्यंत आयात मालावर किती जकात बसते हें ठरविण्याचें काम मुख्यतः सरकारी अधिकाऱ्याचें असे. त्या सालच्या वित्त अधिनियमानें १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचें १७ वें कलम बदललें आणि ही आकारणी आयातदारानें स्वतःच करावी असें ठरविलें. हा व्यापाऱ्यावर टाकलेला मोठा विश्वास आहे. पण त्याबरोबर जोखीमही आली. न्हावाशेवा बंदरांतून माल बिनतपासणी सुटला म्हणजे प्रकरण मिटलें असें नव्हे. कमी भरलेल्या शुल्काची मागणी २८ व्या कलमान्वयें दोन वर्षांपर्यंत, आणि संगनमत, बुद्ध्या खोटें विधान किंवा वस्तुस्थिति दडविणें असा प्रकार असल्यास पांच वर्षांपर्यंत करतां येते. शिवाय व्याज, आणि लबाडी ठरल्यास बुडविलेल्या शुल्काइतका दंड. ‘दलालानें लिहिलें, मला ठाऊक नव्हतें’ ही सबब फारशी उपयोगी पडत नाहीं; कारण मुखत्यारानें केलेलें कृत्य, उलट सिद्ध होईपर्यंत, मालकाच्या जाणिवेनें व संमतीनेंच झालें असें १४७ वें कलम मानतें.

मग सही करण्यापूर्वीं पाहावें तें काय? मुख्य गोष्टी तीन. पहिली, मालाचें वर्गीकरण. विक्रेत्यानें बीजकावर घातलेलें नांव प्रमाण नव्हे. शुल्कपत्रकांतील टीपा प्रमाण. यंत्रासाठीं आणलेला साधा पोलादी बोल्ट यंत्राचा भाग म्हणून नव्हे, तर पोलादी वस्तु म्हणूनच मोजला जातो. दुसरी, किंमत. १४ व्या कलमाप्रमाणें प्रत्यक्ष विक्रीच्या किंमतींत भारतीय बंदरापर्यंतचें भाडें व विमा मिळवावा लागतो. आणि विक्रीची अट म्हणून मालाबद्दल द्यावें लागणारें स्वामित्वशुल्क निराळ्या कागदानें दिलें तरी तेंही त्यांत येतें. तिसरी, मालाचें मूळ. व्यापारकराराची सवलत मागणाऱ्यानें २०२० पासून केवळ परदेशी प्रमाणपत्रावर विसंबूं नये. तो माल खरोखर त्या देशांत कसा तयार झाला याची माहिती त्यानें स्वतःजवळ ठेवली पाहिजे. शंका असल्यास तात्पुरती आकारणी मागावी किंवा आगाऊ निर्णय घ्यावा. माल सुटल्यावर चूक ध्यानांत आल्यास ती आपण होऊन दुरुस्त करण्याची वाट २०२५ च्या वित्त अधिनियमानें उघडली आहे.

कोणी म्हणेल, जकात चुकविणें ही सरकाराशीं केलेली चतुराई आहे. परकी राज्यांत या म्हणण्यास निदान आधार तरी होता. १८९६ सालीं इंग्रज सरकारनें विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली, आणि मँचेस्टरचें समाधान व्हावें म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर लादला. तो रद्द व्हावयास १९२६ साल उजाडलें. त्या जकातींत आमचें मत नव्हतें. आजचे दर आमच्याच प्रतिनिधींच्या संमतीनें ठरतात. ते चुकविणारा सरकारास नव्हे, तर शेजारच्या प्रामाणिक दुकानदारास व स्वदेशी कारखानदारास बुडवितो.

परंतु उपदेश व्यापाऱ्यासच करून आम्ही थांबणार नाहीं. ज्याच्यावर सरकार आकारणीचा भार टाकतें, त्यास कायदा त्याच्या भाषेंत समजावून देणें हें सरकारचें कर्तव्य आहे. इचलकरंजीस परदेशी माग आणणारा कारखानदार इंग्रजी अधिसूचनांच्या अरण्यांत एकटा सोडावा आणि वाट चुकला म्हणून दंड करावा, हा न्याय नव्हे. नियमांचीं सोपीं मराठी पुस्तकें प्रत्येक व्यापारी संघांत असलीं पाहिजेत, आणि नव्या आयातदाराच्या शंकांस मराठींत उत्तर देणारा अधिकारी बंदरावर असला पाहिजे. व्यापारी संघांनीं ही मागणी एकमुखानें करावी. ती पुरी होईपर्यंत मात्र प्रत्येकानें एवढें तरी करावें कीं, न वाचलेल्या कागदावर सही करूं नये.