जुन्या बंदुकीचा कुंदा घासू नका

गावात निवृत्त जवानाला सगळे ‘मेजर’च म्हणतात, मग तो शिपाई म्हणून परतलेला का असेना. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या मुरगूडच्या एसटी स्टँडवर मलाही तीच हाक येते. मी सैन्यात आर्मरर होतो. पलटणीच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, बसून बंदुका तपासायच्या, झिजलेले भाग बदलायचे, तडकलेले कुंदे सांधायचे, हे माझं काम. अलीकडे पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर किंवा फॅब्रिकेशनला जाणारी आमच्याकडची पोरं मोबाईल घेऊन येतात आणि एकच प्रकारचे व्हिडिओ दाखवतात. अमेरिकेतला कुणी माणूस गॅरेजमध्ये बसून जुन्या लष्करी बंदुकीचा घडीचा कुंदा, म्हणजे फोल्डिंग बट, गंज काढून, नवी पिन घालून, लाकडाला तेल पाजून पहिल्यासारखा करतो. “मेजर, ह्ये आपल्याला जमंल की!” असं पोरं म्हणतात.

हाताला जमेल, यात मला शंका नाही. आमच्या भागातल्या पोरांच्या हातात ते कसब आहे. पण ते कुठं वापरायचं आणि कुठं हात आवरायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. म्हणून हा लेख.

त्या अमेरिकी छंदिष्टांबद्दल मला आदर आहे. ते ज्या कुंद्यावर जीव टाकतात तो बहुधा एम 1 ए 1 कार्बाईनचा असतो. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उडी मारणाऱ्या छत्रीधारी सैनिकांसाठी 1942 पासून ही कार्बाईन बनली, सुमारे 1 लाख 40 हजार. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मागे सळईची चौकट, गालाला टेकायला चामड्याची पट्टी. चौकट डावीकडे दुमडते. ती उघडल्यावर पक्की अडकत नाही, नुसत्या ताणावर उभी राहते. त्यामुळं बिजागरी झिजली की सगळा कुंदा खुळखुळतो. तिथला जाणकार चामडं मूळचं आहे का, रिव्हेट कुठल्या आहेत, लाकडावरचे ठसे शाबूत आहेत का, हे आधी बघतो आणि मगच चिंधी हातात घेतो. घडीचा कुंदा आपल्या फौजेलाही नवा नाही. कानपूरच्या कारखान्यातली स्टर्लिंग पद्धतीची 9 मिलिमीटर कार्बाईन आणि इन्सासचा घडीचा प्रकार आपल्या जवानांनी वर्षानुवर्षं वापरला. त्यांच्या बिजागऱ्या आणि खटके मी सेवेत असताना हाताळले आहेत. पण ते सरकारी काम होतं, सरकारी कोतात आणि सरकारी नोंदीखाली.

इथं घरी बसून ते करता येत नाही. शस्त्र कायदा 1959, कलम 5. त्यात बनवणं आणि विकणं यांच्याच रांगेत ‘दुरुस्त करणं’ आहे. परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त केली तर किमान 7 वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आपल्याकडं मोडीत काढलेली लष्करी शस्त्रं सामान्य माणसाला बाजारात मिळत नाहीत, आणि ते बरोबरच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळं व्हिडिओ बघून कुठून तरी सुटे भाग जमवायच्या नादाला लागलेल्या पोराला मी दारातूनच परत पाठवतो. त्याच्या बापालाही सांगतो.

मात्र बंदुका आपल्याकडं नाहीत असं नाही. माळ्यावर आहेत, देवघराच्या कोपऱ्यात आहेत, पाटलाच्या वाड्यातल्या खुंटीवर आहेत. भुदरगड, राधानगरी, आजरा या पट्ट्यात रानडुकरं आणि गव्यांपासून पीक राखायला शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आल्या. काही घरांत त्याहून जुन्या आहेत. हा मुलूख सामानगडाचा आणि भुदरगडाचा. 1844 साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं ते इथंच. त्या काळचं एखादं पातं, एखादी नळी अजून कुणाच्या तरी घरी आहे, आणि दर खंडेनवमीला त्याची पूजा होते.

आणि दर खंडेनवमीला त्याचं थोडं थोडं मरणही होतं. दसऱ्याच्या आधी आठवडाभर लोक शस्त्रं ‘साफ’ करायला काढतात. कुणी वेल्डिंगच्या दुकानात नेऊन ग्राइंडर मारतो, कुणी चिंच-लिंबू चोळतो, कुणी कुंद्याला सँडपेपर मारून वर चकचकीत व्हार्निश चढवतो. फोटो छान येतो. पण नळीवरची कोरीव अक्षरं ग्राइंडरखाली गेली ती कायमची गेली. कुंदा घासला की लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा खाली जातं, खाचेत बसलेला भाग सैल होतो, आणि कारखान्याचा, पलटणीचा, परवान्याचा जो ठसा लाकडात दाबलेला होता तो भुसा होऊन खाली पडतो. ठसा गेला की ती बंदूक कुठली, कधीची, कुणाची हे सांगणारं काही उरत नाही.

लाकडाचं मोल लोकांना कळत नाही, ही माझी जुनी खंत आहे. इशापूरच्या कारखान्यातली .303 रायफल घ्या. तिच्या पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू गेलेला दिसतो. नवख्याला वाटतं, कुणीतरी गावठी दुरुस्ती केली. तो स्क्रू कारखान्यानंच लाकूड फाटू नये म्हणून घातलेला आहे. काही रायफलींच्या पुढच्या लाकडावर तारेचे घट्ट वेढे असतात. त्या रायफली ग्रेनेड फेकायला ठेवलेल्या. धक्क्यानं लाकूड उकलू नये म्हणून ती तार. ती तार ‘घाण’ म्हणून उपटून काढणारा माणूस मी पाहिलाय. 1962 च्या चीन युद्धानंतर इशापूरनं याच घडणीची 7.62 मिलिमीटरची रायफल काढली, आणि त्यातल्या कितीतरी पुढं अमेरिकेत विकल्या गेल्या. आज तिकडचे हौशी लोक आपल्या सुतारांनी बसवलेला तो स्क्रू, लाकडाला घातलेली ठिगळं, दस्त्यावरचे आकडे जसेच्या तसे जपतात. आपल्या मिस्त्रीच्या हाताची कदर सातासमुद्रापार होते आणि इथं आपण त्याच कामावर व्हार्निश फासतो, याचा मला राग येतो.

एनसीसीच्या कवायतीच्या रायफलींचंही तेच. नळीला भोक पाडून कायमच्या निकामी केलेल्या या जुन्या .303 रायफली पोरांच्या कित्येक पिढ्यांनी खांद्यावर वाहिल्या. एका महाविद्यालयात पाहुणे येणार म्हणून अख्ख्या रांगेला फर्निचरचा रंग दिलेला मी पाहिला. वर्षभरात त्याचे पापुद्रे सुटले आणि आत पाणी मुरून कुंदे फुगले. फौजेत त्या लाकडाला जवसाचं कच्चं तेल लावायचो, तळहातानं चोळून, पातळ, पुन्हा पुन्हा. दुसरं काही नाही.

कायद्यात एक दार उघडं आहे, ते फार कमी लोकांना माहीत असतं. त्याच कायद्याचं कलम 45 सांगतं, की जुन्या धाटणीचं, पुराणमूल्य असलेलं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द नीट वाचा. पणजोबांच्या मेलेल्या बंदुकीचा घोडा आणि चाप चालता करून दाखवणारा हौशी माणूस आपल्याच हातानं तिला कायद्याच्या कचाट्यात आणतो, आणि स्वतःलाही. म्हणून माझा आग्रह असा, की छंद असेल तर लाकूड, चामडं, पितळी पट्टी यांचा जपणुकीपुरता असावा, आणि तोही ते शस्त्र मेलेलं आहे असं लेखी मिळाल्यावरच.

पण लेखी द्यायचं कुणी? इथं सगळं अडतं. साधा शेतकरी आजोबांची बंदूक घेऊन ठाण्याची पायरी चढायला घाबरतो. परवानाधारक वारला की वारसांना काय करावं सुचत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशानं आलेलीही त्यातच धरायची. मग तिसरी जमा. निवडणूक आली की जमा करायच्या त्या वेगळ्याच. महिनोन्महिने भिंतीला टेकून राहिलेल्या, कुंद्यावर बुरशी धरून घरी परतलेल्या बंदुका मी पाहिल्या आहेत. घाबरलेली माणसं शेवटी विहिरीत टाकतात किंवा भंगारात देतात, आणि त्यातली भंगारातली वाट सगळ्यात वाईट, कारण तिथून ती कुणाच्या हातात जाईल याचा भरवसा नाही.

जिल्हा प्रशासनानं वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी तपासणीचा दिवस ठेवावा. पोलीस दलाचा आर्मरर आणि वस्तुसंग्रहालयाचा जाणकार एकत्र बसावेत. आणलेलं शस्त्र मेलेलं असेल तर फोटोसकट दाखला द्यावा, जिवंत असेल तर परवान्याची वाट दाखवावी, आणि त्या दिवशी स्वतःहून आणणाऱ्यावर गुन्हा नोंदवू नये. जमा झालेली शस्त्रं वितळवण्याआधी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाला एकदा दाखवावीत. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती भट्टीत जाता कामा नये. लाकूडकामात हात बसलेल्या सुतारांची आणि निवृत्त आर्मररांची नोंद ठेवली, तर एमआयडीसीतल्या त्या पोरांना शिकायला रीतसर जागाही मिळेल. मी शिकवायला तयार आहे, पैसे न घेता.

शस्त्राचं कौतुक कशाला, असं विचारणारे भेटतात. मुरगूडमध्ये हा प्रश्न विचारायची गरज पडू नये. डिसेंबर 1942 मध्ये गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्यांतले सात जण गोळ्यांना बळी पडले, त्यात आमच्या गावचे तुकाराम भारमल होते. बंदुकीनं काय होतं ते हे गाव जाणतं. म्हणूनच ती खेळणं म्हणून नको आणि चकचकीत शोभेची वस्तू म्हणूनही नको. ती तिच्या जखमांसकट, ठशांसकट, ठिगळांसकट पुढच्या पिढीला दिसली पाहिजे.

तोवर एवढं करा. जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे तसेच भरून राहिलेले असू शकतात, शंभर वर्षांनंतरही. त्यामुळं तोंडाशी डोळा नेऊ नका, सळई घालू नका, घोड्याला हात लावू नका, विस्तवाजवळ ठेवू नका. खात्री नसेल तर जागेवरून न हलवता पोलीस ठाण्याला कळवा. तलवार असेल तर कोरड्या सुती कापडानं पुसा, लोखंडाला शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात द्या, मुठीच्या लाकडाला थोडं जवसाचं तेल. यंदाच्या खंडेनवमीला ग्राइंडर, सँडपेपर आणि व्हार्निश तिन्ही दुकानातच राहू द्या.