तिचं माहेरपण

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की येणारा-जाणारा त्याची चौकशी करतो. करायलाच हवी. पण रोज चार वेळा त्याची कूस बदलणाऱ्या, रात्री दोनदा उठणाऱ्या बाईला "तू कशी आहेस गं?" असं कोण विचारतं?

आमच्या यवतमाळकडे दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू होते. घरात लकव्याचा माणूस असला, की एका बाईची मजुरी बुडालीच.

सरकारला हे सुचलं नाही असं नाही. नॅशनल ट्रस्टनं २०१५ साली 'समर्थ' योजना आणली. आपलं माणूस काही दिवस केंद्रात ठेवायचं, घरच्यांनी उसंत घ्यायची. पण ट्रस्टचा १९९९ चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यापुरताच. लकव्यानं पडलेले आजोबा त्यात कुठे बसणार? संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळालं तरी हाती पैसे येतात, सुट्टी नाही!

मला वाटतं, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अशा रुग्णांसाठी दोन खाटा राखून ठेवाव्यात. वर्षातून आठ दिवस तरी. सासरी राबणाऱ्या लेकीला विसावा हवा, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. माहेरपण ही आपलीच रीत ना? मग रुग्णाजवळून चार दिवस उठायचं तर तिला अपराधी का वाटावं?

असो. खाटा मिळतील तेव्हा मिळतील. नातेवाईक मंडळी, यंदा अशा घरी फराळाचा डबा पाठवणार असाल, तर सोबत दोन दिवस राहायलाही जा. अन् तिला बाहेर पाठवा.