बाईच्या वाट्याचा अर्धा तास



यंदाच्या अंकासाठी 'व्यायाम' हा विषय ठरला, तेव्हाच लेख तालमीकडे आणि मल्लखांबाकडे वळणार हे दिसत होते. त्या परंपरेचा मराठी माणसाला अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. आणि आपल्या छत्तीसगडच्या अबुझमाड मल्लखांब अकादमीतल्या मुलांनी 2023 मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकून देशाला तोंडात बोट घालायला लावले. बस्तरच्या या लेकरांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

मला मात्र आखाड्याची पायरी कधीच न चढलेल्यांबद्दल बोलायचे आहे. रायपूरच्या गुढियारीत सकाळी हनुमान मंदिराच्या मैदानाकडे फिरायला निघतात ते बहुतेक पुरुष. त्या वेळी आमच्या काकू आणि वहिनी ओट्याशी उभ्या असतात. एका शेगडीवर चहा, दुसरीवर पोळ्या, शेजारी दोन-तीन डबे उघडे. व्यायामाचे नाव काढले की उत्तर ठरलेले: "दिवसभर राबतेच की मी, आणखी व्यायाम कशाला?"

राबतात, यात शंका नाही. पण ओट्याशी तासन्‌तास उभे राहिल्याने पाय दुखतात. दम वाढत नाही, मांड्यांना बळ येत नाही. पाळी गेल्यावर बाईची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात, आणि ती टिकवायला त्यांच्यावर भार पडावा लागतो. भरभर चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. मधुमेह घराघरांत शिरलेला असताना याचे मोल फार मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रम सांगते. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या 2024 च्या अभ्यासानुसार भारतात शंभरांतले 42 पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत. स्त्रिया मात्र 57.

मनाचे तर विचारायलाच नको. नियमित चालण्याने झोप सुधारते, उदासी कमी होते. अमेरिकेत 120 वयस्क माणसांवर झालेला एक प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. शिवाय त्या अर्ध्या तासात 'माझा रुमाल कुठे आहे?' असे कुणी विचारत नाही. हा लाभ कुठल्या प्रयोगात मोजलेला मी वाचलेला नाही, पण तो लहान नव्हे.

बाहेर पडणे जमत नसेल त्यांनी घरी एवढे करावे. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्या. हात छातीशी धरून, आधार न घेता उठा आणि सावकाश बसा. पहिल्या दिवशी पाच वेळा जमले तरी पुष्कळ. गुडघे फार दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. रायपूरच्या उन्हाळ्यात उन्हे चढायच्या आत फिरून यावे, हे वेगळे सांगायला नको.

बाईला हा अर्धा तास सापडत नाही. घरच्यांना तो काढून द्यावा लागतो. सकाळचा चहा मुलाने करावा, डबे नवऱ्याने भरावेत. भिशी आणि हळदीकुंकवाला जमणाऱ्या जणी आठवड्यातून तीन दिवस एकत्र चालू शकतात. चौघी बरोबर असल्या की पहाटेच्या रस्त्याची धास्तीही कमी होते.

भावांनो, यंदा भाऊबीजेला ओवाळणीत साडीबरोबर चालायच्या बुटांचा एक चांगला जोड घाला. माप बहिणीला विचारून घ्या, आणि ती रोज सकाळी किती वाजता निघणार, तेही मेहुण्यांसमोरच ठरवून या.

शुभ दीपावली.

— संपादक