निपाणीची पोटदुखी आणि दोन राज्यांची कार्डे

जठराच्या गाठीवरील दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया आता प्रयोगापुरती राहिलेली नाही. दक्षिण कोरियातील १३ रुग्णालयांत पहिल्या टप्प्यातील जठर-कर्करोगाच्या १,४१६ रुग्णांवर चाचणी झाली. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ९४.२ टक्के, तर पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांत ९३.३ टक्के आढळले. आयुष्य जवळपास तेवढेच. लाभ लहान छेदाचा, कमी वेदनेचा आणि लवकर उभे राहण्याचा.

निपाणीत या लाभाचे मोल मजुरीत मोजावे लागते. तंबाखूच्या या पेठेत विड्या वळणाऱ्या बाईला हजारी दराने पैसे मिळतात. अंथरुणावर गेलेला प्रत्येक दिवस बुडीत. शिवाय धूम्रपान हे जठराच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे.

उपचाराच्या खर्चावरून २०२३ मध्ये दोन राज्ये भिडली. महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना देऊ केली; कर्नाटकाने तो आपल्या अधिकारातील हस्तक्षेप मानला. कर्नाटकाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, त्यावरील कुटुंबाला मात्र खर्चाच्या ३० टक्क्यांचाच आधार. त्यामुळे महाराष्ट्राच्या कार्डाची ओढ केवळ भाषिक म्हणता येत नाही. (गोमेकॉतही २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क आहेच.)

तथापि ही कार्डे प्रामुख्याने रुग्ण दाखल झाल्यावर कामी येतात, आणि कोरियातील आकडे वेळेत सापडलेल्या गाठींचे आहेत. तेथे चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते. आपल्याकडे सरकारी कर्करोग तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढ्यापुरती. जठराची गाठ प्रारंभी पित्तासारखीच भासते, गोळ्यांवर महिने निघतात. वजन उतरते, शौच काळी होते, तोवर रोग बहुधा पसरलेला असतो. मग छेद लहान की मोठा, हा प्रश्नच गौण ठरतो.

कोरियाइतके हे रुग्ण येथे नाहीत, तेव्हा सरसकट एंडोस्कोपीचा आग्रह अव्यवहार्य आहे. परंतु चाळिशीपुढे पित्ताची तक्रार हटत नसेल, तर ठरलेल्या दिवशी निपाणीतच एंडोस्कोपी मिळणे अशक्य नाही. कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. तपासणीसाठी तेवढी मजुरी कोण बुडवील? एका राज्यातील तपासणीचा अहवाल दुसऱ्याच्या योजनेत ग्राह्य धरायला सर्वोच्च न्यायालयातील २००४ च्या सीमादाव्याच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.