जीटी कुणी मारली?

परवा मेसमध्ये रूममेटने नेहमीचा बाउन्सर टाकला, "माणूस माकडापासून झाला, तर कर्नाळ्याची माकडं अजून माकडंच कशी?" अख्खं टेबल हसलं. हसणारच. दहावीनंतर आपल्यापैकी बहुतेकांनी बायोला रामराम ठोकलाय.

पण २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच बोलले होते. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, म्हणून डार्विन चूक! देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. तरी २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेलीच. ओझं कमी करायला म्हणे. म्हणजे सीबीएसईचा जो मुलगा अकरावीला बायो घेणार नाही, त्याला हा विषय भेटणारच नाही. आणि तोच उद्या आपला ज्युनियर.

मुळात कर्नाळ्याचं माकड आपला आजोबा नाहीच, लांबचा चुलतभाऊ आहे. चिंपांझीची नि आपली वाट साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, माकडांची त्याच्याही कितीतरी आधी. चुलतभाऊ अजून गावाला राहतो, म्हणून आजोबा एक नव्हते असं कुणी म्हणतं का?

राहिलं "कुणी पाहिलं?" फर्स्ट इयरला ट्यूबलाइटवर काच ठेवून जीटी मारताना आपल्याला सरांनी पाहिलं होतं? तरी पकडलं ना! चार शीट्सवर एकाच जागी तेच चुकीचं डायमेन्शन. बरोबर उत्तर चौघांचं सारखं येऊ शकतं, चूक सारखी येत नाही.

अशीच एक शीट आपल्या पेशीत आहे. उंदीर, कुत्रा, गाय क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. आपल्याला लिंबू-आवळा लागतो. ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक आपल्यात आहे, पण मोडकं. चिंपांझीतही मोडकं, माकडांतही, आणि मोडतोड जुळते. गिनीपिगचंही मोडलंय, पण वेगळ्या जागी. त्याची चूक स्वतःची, त्याने जीटी मारलेली नाही.

रूममेट थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "ओरिजिनल शीट कुणाची?"

"आपल्या सगळ्यांच्या एकाच पूर्वजाची. सुमारे सहा कोटी वर्षं जुनी."

"एवढं जुनं सबमिशन!" म्हणत त्याने माझ्या ताटातली लिंबाची फोड उचलून आपल्या वरणात पिळली.